पूरक व पर्यायी उपचार प्राथमिक आरोग्यसेवेत सामावून घ्यावेत का?
घ्यावेत, मात्र प्रत्येक उपचाराचा पुरावा स्वतंत्रपणे तपासूनच. १९७८ मध्ये अल्मा-आटा येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेच्या जाहीरनाम्याने गरजेनुसार पारंपरिक वैद्यांनाही प्राथमिक आरोग्यसेवेत स्थान दिले होते. जुनाट कंबरदुखीत योग किंवा ॲक्युपंक्चर काही रुग्णांना उपयोगी पडते. पण मधुमेह वा कर्करोगावरील सिद्ध औषधे त्यासाठी थांबवणे घातक ठरते. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती नोंद, कारण वनौषधी घेत असल्याचे रुग्ण अनेकदा सांगत नाहीत, आणि सौम्य नैराश्यावर घेतली जाणारी सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती वॉरफरिन (रक्त गोठू न देणारे औषध) व गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी करते. म्हणून डॉक्टरांनी किंवा परिचारिकेने पहिल्याच भेटीत, रुग्णाला न दुखावता, त्याचे इतर उपचार विचारून केसपेपरवर लिहावेत.