हाताने बनवलेली रणगाड्यांची मॉडेल्स घेताना काय पारखावं आणि दमट हवेत ती कशी टिकवावीत?

तुम्ही विचारलंय की 1965 आणि 1971 च्या युद्धांतल्या रणगाड्यांची हाताने केलेली किंवा ऑर्डर देऊन करून घेतलेली मॉडेल्स जमवायची आहेत, तर घेताना काय बघायचं आणि मुंबईच्या हवेत ती टिकतील कशी.

सगळ्यात आधी मॉडेल उलटं करून तळ बघा. ‘हँडमेड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच गाड्या म्हणजे बाजारातलंच डायकास्ट (साच्यात ओतलेल्या धातूचं तयार मॉडेल) असतं, वरून फक्त नवा रंग. तळाला स्क्रूची भोकं आणि अक्षरं घासून काढल्याचा सपाट चट्टा दिसला की ओळखायचं. रंग बदललेलं डायकास्ट घेण्यात वावगं काही नाही, पण त्याला स्क्रॅचबिल्टची, म्हणजे कच्च्या मालातून हाताने घडवलेल्या मॉडेलची, किंमत मोजू नका. विक्रेत्याला सरळ विचारा: मूळ किट (जोडायच्या सुट्या भागांचा संच) कुठलं, कोणते भाग बदलले, कोणते स्वतः घडवले? आणि रंग देण्याआधीचे फोटो मागा. त्यांत पांढरी प्लास्टिक शीट, पितळी पत्रा, रेझिन (साच्यात ओतून घट्ट होणारं द्रव प्लास्टिक) असं सगळं वेगवेगळं दिसतं. रंग चढला की काहीच कळत नाही.

नंतर व्हर्निअर कॅलिपर (बारीक मापं घ्यायचं साधन) काढा. उदाहरणादाखल सेंच्युरियन घ्या. 8 ते 10 सप्टेंबर 1965 ला खेमकरणजवळच्या असल उत्तरला भारताच्या 3 कॅव्हलरी या रणगाडा रेजिमेंटने पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांविरुद्ध लढवला तो रणगाडा. बाजूच्या पत्र्यांसकट त्याची रुंदी 3.39 मीटर, म्हणजे 1:35 प्रमाणाला (खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढं मॉडेल) 97 मिमी, 1:48 ला साधारण 71 आणि 1:72 ला 47. 1:32 सांगून विकलेलं मॉडेल 97 मिमी भरलं, तर ते 1:35 चं किट आहे. 95–96 मिमी भरलं आणि बोल्टची डोकी बोथट, कडांना बारीक बुडबुडे दिसले, तर कुणाच्या तरी कामावरून साचा काढून ओतलेली नक्कल असण्याची शक्यता जास्त. रेझिन सुकताना आकसतं, त्यामुळे नक्कल मुळापेक्षा जरा लहान निघते. अशी नक्कल मी संग्रहात ठेवणार नाही. ज्याने मूळ घडवलं त्याच्या पोटावर तो पाय आहे.

तोफ नीट बघा. 1965 च्या भारतीय सेंच्युरियनवर 20 पौंडी, म्हणजे सुमारे 84 मिमीची तोफ होती. 1:35 ला नळीचं तोंड 2.4 मिमी हवं. पुष्कळदा तिथे 105 मिमीची नळी बसवलेली असते, तिचं तोंड 3 मिमी भरतं. तिच्या मधला धूर शोषणारा फुगवटा नळीच्या एका बाजूला कललेला असतो. 20 पौंडीवर फुगवटा असला तरी तो चारी बाजूंनी सारखा. टी-55 असेल तर चाकं बघा: पहिल्या आणि दुसऱ्या चाकात मोठी फट हवी. फट मागच्या चाकांमध्ये असेल तर खाली टी-62 या दुसऱ्या रणगाड्याचा सांगाडा आहे.

ऑर्डर देताना ‘1971 चा टी-55’ एवढंच सांगू नका. एक ठरावीक फोटो, एक ठरावीक रणगाडा निवडा आणि दिसत नसलेल्या बाजूचं काय करायचं तेही लिहून द्या. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात भाग आणि मापं जवळून बघता येतात, पण रंग आणि खुणा तिथून घेऊ नका. बाहेर ठेवलेल्या गाड्यांना पुन्हापुन्हा रंग दिला जातो. खुणांसाठी त्या काळचे फोटोच हवेत. डिकलखाली (खुणा, आकडे छापलेल्या पातळ स्टिकरखाली) चंदेरी झाक दिसली तर ते मॅट रंगावर थेट चिकटवलंय. आधी ग्लॉस वार्निश, मग डिकल, शेवटी मॅट, हा क्रम करारातच घाला.

आता जपणुकीचं. लाकडी कपाट दिसतं छान, पण प्लायवुड आणि एमडीएफमधून आम्लाची वाफ सुटते आणि शिसं असलेले धातूचे भाग तिने पांढरे, भुसभुशीत होतात. आधी हूक, अवजारं, ट्रॅकच्या कडा अशा बारीक जागी पूड दिसते. ती फुंकू नका, शिशाची आहे. हातमोजे आणि मास्क घाला आणि मॉडेल लगेच वेगळं करा. काच आणि ॲल्युमिनियमची चौकट उत्तम. सांधायला व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन नको, न्यूट्रल घ्या. आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा. 45 ते 55 टक्के पुरे.

मऊ व्हिनाइलचे ट्रॅक वेगळाच त्रास देतात. त्यांतलं तेलकट द्रव्य प्लास्टिकच्या चाकांना वितळवतं आणि थर्माकोललाही खातं. शक्य असेल तर सुट्या कड्यांचे ट्रॅक करून घ्या. थ्रीडी प्रिंटचा पोकळ भाग असेल तर निचऱ्याची भोकं आहेत का आणि आतूनही तो यूव्हीखाली पक्का केलाय का, हे विचारा. आत ओलं रेझिन राहिलं तर काही महिन्यांनी भेग पडून चिकट द्रव बाहेर येतो.

कुरिअरने मागवताना बबल रॅप रंगाला टेकू देऊ नका, उन्हाळ्यात त्याचे गोल ठसे उमटतात. तळातून दोन एम3 (3 मिमी जाडीच्या) स्क्रूंनी मॉडेल लाकडी फळीला आवळायला सांगा, वर आम्लरहित टिश्यू आणि डब्यात डबा, मध्ये चारी बाजूंनी 5 सेंमी भराव. तोफेची नळी आणि अँटेना काढता येण्यासारखी करून वेगळी पाठवली तर सगळ्यात बरं. पार्सल आलं की तळाला कारागिराचं नाव, साल, प्रमाण, मूळ किट आणि वापरलेल्या रंगांचे क्रमांक असलेली चिठ्ठी लावा. पुढे दुरुस्तीला रंग जुळवायचा तर तिच्याशिवाय जमत नाही.