राजस्थान तापला की पाऊस चांगला?

प्रश्न : मे महिन्यात राजस्थान जेवढा तापेल तेवढा आपल्याकडे पाऊस चांगला, असं आमच्या गावात ठामपणे सांगतात. हे खरं का?
– एक वाचक, जि. बुलढाणा

उत्तर : अर्धंच खरं. १९ मे २०१६ रोजी राजस्थानातल्या फलोदीत ५१ अंश सेल्सिअसची नोंद झाली, देशातला विक्रमच. त्या वर्षी मान्सून सरासरीच्या ९७ टक्के झाला. १ जून २०१९ रोजी चुरूत ५०.८ अंश होते आणि मान्सून ११० टक्के झाला, तोही जून मोठ्या तुटीत गेल्यावर. तेव्हा राजस्थानातला पारा पाहून पेरणीचं गणित मांडू नका.

वाळवंटाची ओढ मात्र खरी आहे. तापलेल्या जमिनीवरची हवा प्रसरण पावून हलकी होते आणि सिंध-थरच्या वाळवंटावरचा हवेचा दाब ९९५ हेक्टोपास्कलच्या आसपास उतरतो. दक्षिण हिंदी महासागरात मस्कारेन बेटांकडे तो १०२० च्या वर असतो. या फरकामुळे वारे विषुववृत्त ओलांडतात आणि सोमालियाच्या किनाऱ्याशी वळून अरबी समुद्रावरचं बाष्प घेऊन सह्याद्रीवर आदळतात.

पण जमीन सर्वांत जास्त तापते मे-जूनमध्ये, आणि दाब सर्वांत खाली जातो जुलैत, म्हणजे पाऊस सुरू झाल्यावर! नुसत्या उन्हाचा खेळ असता तर असं झालं नसतं. बंगालच्या उपसागरावर पाऊस पाडून वर चढलेली हवा पश्चिमेला वाळवंटावर खाली उतरते. उतरताना ती दाबली जाऊन तापते, ढग जमू देत नाही, आकाश मोकळं राहतं आणि जमीन आणखी भाजते. म्हणजे वाळवंट पावसाला ओढतं, तसा पाऊसही वाळवंटाला तापवतो.

प्रश्न : मग कमी दाब जिथे आहे त्या जैसलमेरलाच पाऊस का नाही?

उत्तर : कारण हा कमी दाब उथळ आहे, जेमतेम दीड-दोन किलोमीटर उंचीचा. वरून उतरणारी कोरडी हवा त्याच्यावर झाकणासारखी बसते. उपसागरातलं कमी दाबाचं क्षेत्र सात-आठ किलोमीटर खोल आणि बाष्पाने भरलेलं असतं, म्हणून ते बरसतं. मे महिन्यात वाळवंटावर ढग झालाच, तर त्यातला पाऊस कोरड्या हवेत वाटेतच सुकतो. सुकताना हवा गार व जड होऊन जमिनीवर आपटते आणि धुळीची भिंत उठवते. तीच आंधी. आपल्या वळवाआधीचा सोसाट्याचा वाराही याच जातीचा, फक्त इथे बाष्प जास्त म्हणून सरी खाली पोचतात.

प्रश्न : रोजच्या हवामान पत्रकात नेमकं काय पाहावं?

उत्तर : सगळ्यात आधी ‘मान्सूनचा आस’ कोणत्या गावांवरून जातो ते. वाळवंटातल्या कमी दाबापासून उपसागरापर्यंतचा हा पट्टा. गंगानगर, प्रयागराज, कोलकाता अशी नावं असतील तर तो नेहमीच्या जागी आहे. पूर्वेच्या टोकाला कमी दाबाचं क्षेत्र होऊन वायव्येकडे सरकू लागलं, की विदर्भ-मराठवाड्याने आशा धरावी. अशा क्षेत्राच्या नैर्ऋत्य अंगाला पाऊस सर्वाधिक असतो. कोकण-घाटमाथ्याने किनाऱ्याला समांतर असलेली द्रोणीय रेषाही, म्हणजे कमी दाबाचा लांबट पट्टाही, पाहावी.

आस हिमालयाच्या पायथ्याशी गेल्याचं लिहिलं असेल, तर बिहार-नेपाळकडे पूर आणि आपल्याकडे खंड. १९०१ नंतरचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरलेल्या २०२३ मध्ये असाच मोठा खंड पडला होता. अशा वेळी युरियाचा हप्ता थांबवा, कोळपणी करून भेगा बुजवा आणि पत्रकात आस पुन्हा दक्षिणेकडे सरकल्याचं दिसेपर्यंत दुबार पेरणीचं बियाणं बाहेर काढू नका.