स्त्री अभ्यासाच्या एम.ए.चं मूल्यमापन कसं करावं?

तुमच्या विद्यापीठातल्या स्त्री अभ्यासाच्या एम.ए.चा आढावा घेणाऱ्या समितीवर तुम्हाला घातलंय, तुम्ही स्वतः वाणिज्य शाखेतले, तर काय तपासावं आणि काय सुधारायला सांगावं, असं तुम्ही विचारलंय.

मी हा विषय शिकले, मग काही वर्षं तासिका तत्त्वावर शिकवला, आणि एकदा अशाच एका समितीवर बाहेरची सदस्य म्हणून गेले होते. विद्यापीठाचं नाव सांगत नाही. पहिल्याच दिवशी चहाबरोबर एक जाडजूड फाइल हातात आली. निकाल उत्तम, विद्यार्थ्यांचे फीडबॅक फॉर्म उत्तम, ८ मार्चचे फोटो तर विचारूच नका. फॉर्म नेमके अंतर्गत गुण लागायच्या आठवड्यात भरून घेतलेले. तेव्हा कोण कशाला वाईट लिहील? तशी फाइल तुम्हालाही मिळेल, ती बाजूला ठेवा. पहिल्या सत्रात प्रवेश घेऊन दुसऱ्या सत्रात न आलेल्यांची यादी मागा, आणि गेल्या पाच वर्षांचे लघुप्रबंध मागा.

यादीतल्या मुलींना आम्ही फोन केले. लग्न ठरलं, होस्टेल मिळालं नाही, अशी कारणं येणार हे माहीतच होतं, तशी ती आलीही. पण बीडकडची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, विषय मला कळत होता. तो आमच्या घरातच होता. वाचायला दिलेलं कळत नव्हतं." दर आठवड्याला इंग्रजी झेरॉक्सचा गठ्ठा, त्यातला बराचसा अमेरिकेतल्या वादांवरचा. २०१९ साली तिच्याच जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या राज्यभर गाजल्या होत्या. वर्गात त्यावर एक तासही झाला नव्हता. आमचा अहवाल शेवटी या एका फोनवरूनच लिहिला गेला म्हणा ना.

इंग्रजी वाचायला लावू नका असं मी म्हणत नाही. लावाच, पण त्या वाचनाला मराठीतून हात द्यायचं काम कोण करतं, ते विचारा. आमच्याकडे उत्तर आलं, "मुली आपापसांत समजून घेतात." म्हणजे कोणीच करत नव्हतं.

यात मला राग येतो तो यासाठी की हा विषय आपल्याकडे कुठून बाहेरून आणून लावलेला नाही. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेने मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध लिहिला १८५५ साली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांची 'स्त्री पुरुष तुलना' १८८२ची. देशातलं पहिलं स्त्री अभ्यास संशोधन केंद्र नीरा देसाई यांनी मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठात उभं केलं १९७४ साली, आणि या विषयाची पहिली राष्ट्रीय परिषदही १९८१मध्ये तिथेच भरली. पुणे विद्यापीठाच्या केंद्रात शर्मिला रेगे शिकवायच्या, तेव्हा वर्गात कोण बोलतं आणि कोण खाली मान घालून बसतं हा त्यांच्या लेखी अध्यापनाचाच प्रश्न होता. फुले-आंबेडकरी विचारातून शिकवायचं कसं, यावर त्यांनी सविस्तर लिहिलंय. म्हणून माझी एक साधी कसोटी आहे : मुक्ता साळवे कितव्या सत्रात येते? चौथ्या सत्रातल्या ऐच्छिक पेपरात येत असेल, तर जातीच्या प्रश्नाला ओसरीवरच बसवून ठेवलंय असं खुशाल समजा.

आता लघुप्रबंध. आम्ही कपाट उघडलं तर 'अमुक तालुक्यातील महिला बचत गटांचा अभ्यास' अशी रांगच. तालुका तेवढा बदललेला. पन्नास बायकांची प्रश्नावली, टक्केवारीचे तक्ते आणि शेवटी 'जनजागृती व्हावी' ही शिफारस. त्यात एकच वेगळा निघाला. त्या मुलीची आई राखीव जागेवरून सरपंच झालेली. (२०११पासून आपल्याकडे स्थानिक स्वराज्य संस्थांत बायकांना निम्म्या जागा आहेत.) आई सही करते आणि कागद काका वाचतात, हे तिने ग्रामसभेत बसून वर्षभर टिपलं होतं. त्या वर्षीचे सगळ्यांत कमी गुण तिला. शेरा : 'नमुना अपुरा.' तेव्हा गुणपत्रकांवर थांबू नका, परीक्षकांचे शेरे वाचा. विभागाला ज्ञान म्हणजे काय वाटतं ते तिथे दिसतं.

नोकरीचं काय, हे मुली विचारतीलच. विभाग सांगतो सेट-नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा द्या. पण पदवी महाविद्यालयांत या विषयाचा स्वतंत्र विभाग क्वचितच असतो, मग जागा निघणार कुठून? कामं दुसरीकडे आहेत. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५चा, त्याखाली संरक्षण अधिकारी नेमले जातात, समुपदेशन केंद्रं चालतात. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक कामाच्या ठिकाणी अंतर्गत समिती हवी आणि तिच्यात बाहेरची एक जाणकार सदस्यही. हे दोन्ही कायदे आम्ही पाहिलेल्या अभ्यासक्रमात होते, पण 'सविस्तर चर्चा करा' या प्रश्नापुरते. घरातल्या हिंसाचाराची तक्रार ज्यात नोंदवतात तो 'कौटुंबिक घटनेचा अहवाल' भरून पाहिलेली एकही विद्यार्थिनी भेटली नाही. एक पूर्ण सत्र आठवड्यातून एक दिवस समुपदेशन केंद्रात, त्याला श्रेयांक, आणि सोबत विभागातली एक शिक्षिका, एवढं तरी सुचवाच. शिक्षिका हवीच, नाहीतर मुली तिथे फुकटच्या कारकून होतात. हे माझ्या वर्गातल्या मुलींचं झालेलं आहे.

शिक्षकांचा मुद्दा मात्र अहवालाच्या पहिल्या पानावर घ्या, शेवटी टाकलात तर कोणी वाचत नाही. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, १९८६पासून स्त्री अभ्यासाची केंद्रं पंचवार्षिक योजनेच्या पैशांवर सुरू केली. २०१७ साली योजना संपत आली तेव्हा देशभरची केंद्रं बंद पडतात की काय अशी धाकधूक होती. त्यामुळे मंजूर पदं किती आणि भरलेली किती, हे आकड्यात लिहा. नाहीतर तुम्ही सुचवलेली प्रत्येक सुधारणा माझ्यासारख्या तासावर पैसे मिळणाऱ्या बाईच्या गळ्यात पडेल.

आणि गळालेल्या मुलींना करायचे ते फोन विभागाच्या नंबरवरून करू नका, मुली उचलत नाहीत. स्वतःच्या मोबाइलवरून करा, संध्याकाळी सातनंतर. बऱ्याच जणी दिवसा कुठेतरी कामाला असतात.