किल्ली फिरवल्यावर गाडी नुसता टकटक आवाज करते, सुरू होत नाही. बॅटरी बदलावी का?

आपली पेट्रोल गाडी साताऱ्यात आठवडाभर पावसात उभी होती, सकाळी किल्ली फिरवल्यावर फक्त टकटक झाली आणि दुकानदाराने न तपासताच नवी बॅटरी घ्यायला सांगितले, असे आपण लिहिले आहे. मी सांगलीत राहतो आणि घरच्या गाड्यांची विजेची कामे शक्यतो स्वतःच करतो. बॅटरीचा दोष असण्याचा संभव मोठा आहे हे मला मान्य आहे, तरीही मीटर लावल्याशिवाय ती विकत घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन, कारण हेच लक्षण बॅटरीवरच्या सैल किंवा गंजलेल्या टर्मिनलमुळेही (तार जिथे जोडली जाते त्या टोकामुळे) दिसते आणि ते दुरुस्त करायला एक पाना पुरतो.

आवाज आधी नीट ऐका. सेल्फवर (इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरवर) बसवलेला सोलेनॉइड, म्हणजे विजेच्या चुंबकावर चालणारा स्विच, दोन कामे करतो: मोटरचे दाते पुढे ढकलून फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे इंजिनाच्या जड चाकात, अडकवतो आणि मोटरला बॅटरीचा जाड प्रवाह जोडून देतो. बॅटरी अशक्त असली की मोटर जोडली जाताच व्होल्टेज कोसळते, सोलेनॉइड सुटतो, भार गेल्यामुळे व्होल्टेज पुन्हा चढते आणि सोलेनॉइड पुन्हा ओढला जातो. भराभर होणारी टकटक ती हीच. याउलट एकच जोरदार ‘खट्’ होऊन पुढे शांतता पसरत असेल आणि हेडलाइट तितकेच प्रखर राहत असतील, तर बॅटरीत जोर असूनही तो मोटरपर्यंत पोहोचत नाही, असे समजावे. आवाज फ्यूजच्या डब्यातून बारीक येत असेल तर तो रिलेचा, म्हणजे विजेवर चालणाऱ्या छोट्या स्विचचा, असतो आणि तपास तिथून सेल्फकडे जाणाऱ्या बारीक तारेचा करावा लागतो.

आता मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजणारा मीटर. गाडी काही तास उभी राहिल्यानंतर बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर ती भरलेली आहे, १२.२ म्हणजे साधारण निम्मी आणि १२ च्या खाली गेली तर जवळजवळ रिकामी. मात्र खरा निकाल किल्ली फिरवताना लागतो. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढा आणि दुसऱ्या व्यक्तीला किल्ली फिरवायला सांगून मीटरकडे पाहा. आकडा ९.६ च्या बराच खाली कोसळला तर बॅटरी रिकामी किंवा निकामी आहे; पूर्ण चार्ज करूनही तसेच घडले तर मात्र ती बदलावीच लागेल. तो १२ च्या वर स्थिर राहिला आणि सेल्फ फिरला नाही, तर दोष जोडणीत, सोलेनॉइडच्या तांब्याच्या संपर्कांत किंवा मोटरच्या झिजलेल्या कार्बन ब्रशमध्ये (फिरत्या भागाला वीज पोहोचवणाऱ्या तुकड्यांमध्ये) शोधावा.

पावसाळी हवेत मला जोडणीचा संशय सर्वांत आधी येतो. टर्मिनल हाताने हलत असेल किंवा त्यावर पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल, तर आधी ऋण आणि मग धन टर्मिनल काढावे, कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून ब्रशने घासावे (ते पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नये), पूर्ण कोरडे करावे आणि बसवताना क्रम उलटा ठेवावा. इंजिनाला जाणारी अर्थिंगची पट्टी लोक हमखास विसरतात. ती तपासण्यासाठी मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण खुंटीवर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर धरून किल्ली फिरवा, ०.३ व्होल्टपेक्षा अधिक आकडा दिसला तर त्या वाटेत अडथळा आहे.

शेजाऱ्यांच्या गाडीवरून जंपर केबल लावणार असाल, तर लाल तार दोन्ही बॅटरींच्या धन टोकांना जोडा, काळी चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला, आणि तिचे शेवटचे टोक आपल्या बॅटरीला न लावता इंजिनाच्या धातूला लावा, कारण बॅटरीतून निघणारा हायड्रोजन ठिणगीने पेटू शकतो. गाडी सुरू झाल्यावर बॅटरीवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसले तर अल्टरनेटर, म्हणजे चालू इंजिनावर बॅटरी चार्ज करणारे यंत्र, ठीक आहे. नव्या काही गाड्यांत हा आकडा संगणकाकडून मुद्दाम कमी-जास्त होतो, एवढे लक्षात ठेवावे. साताऱ्यात उतार सहज मिळतो म्हणून बंद गाडी उतारावर सोडण्याचा मोह होईल, पण इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात, म्हणून ते टाळावे.

शेवटचा मुद्दा आम्हा सांगलीकरांना २०१९ आणि २०२१ च्या पुरांमुळे चांगलाच ठाऊक आहे. आपली गाडी जिथे उभी होती तिथे पाणी इंजिनापर्यंत चढले असेल आणि आता एकच ‘खट्’ होत असेल, तर पुन्हा किल्ली फिरवू नका आणि धक्काही देऊ नका. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे सिलिंडरमध्ये ते साचले असताना पिस्टन जबरदस्तीने वर नेला की कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा वेळी बॅटरीची तार सोडवून गाडी टोइंगने गॅरेजला न्यावी आणि स्पार्क प्लग काढून पाणी बाहेर काढल्यानंतरच मिस्त्रीला इंजिन फिरवू द्यावे.