हिशेब विकतचा, चलनं घरची

चि. पुतणीस,

अनेक आशीर्वाद.

शिरोलीचं मशिन शॉप बघायला लागलीस, हे वाचून बरं वाटलं. कॉलेजातला मित्र बिलं, स्टॉक, पगार, जीएसटी सगळंच सॉफ्टवेअर करून द्यायला तयार आहे, आणि दुसरीकडे एक विक्रेता तयार ईआरपी (धंद्याचा सगळा कारभार एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर) घ्या म्हणून मागे लागलाय. मला विचारशील तर दोघांनाही आत्ताच होकार देऊ नकोस.

ज्या कामाचे नियम सरकार ठरवतं, ते विकत घ्यायचं. ज्याचे नियम तुझ्या शॉपमध्ये ठरतात, तेवढंच करून घ्यायचं, आणि तेही होईल तितकं लहान.

हिशेब आणि जीएसटी पहिल्या प्रकारात येतात. ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल) ऑक्टोबर 2020 मध्ये 500 कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना लागू झालं आणि उतरत उतरत 1 ऑगस्ट 2023 ला 5 कोटींवर आलं. सप्टेंबर 2025 मध्ये 12 आणि 28 टक्क्यांचे दर बहुतेक वस्तूंवरून गेले. फर्मची प्रायव्हेट लिमिटेड केलीत, तर कोणती नोंद कोणी कधी बदलली याची बंद न करता येणारी नोंदवही हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये असावीच लागते. कंपन्यांना हे 1 एप्रिल 2023 पासून बंधनकारक आहे. तुझा मित्र हे एकदा करेलही. पुढची अधिसूचना निघेल तेव्हा तो पुण्यात स्वतःच्या नोकरीत अडकलेला असेल, आणि तुझी गाडी माल भरून गेटवर उभी. टॅली किंवा तसलं काही घे, सीए वापरतात तेच घेतलंस तर उत्तम. पगाराचंही तसंच.

आता तुझं खरं दुखणं. फाउंड्रीकडून चलनावर, म्हणजे मालाबरोबर येणाऱ्या कागदावर, 200 कास्टिंग (ओतीव भाग) मशिनिंगला आली. 186 चांगली गेली. 9 मध्ये कट घेतल्यावर ब्लो होल (ओतताना आत राहिलेल्या पोकळ्या) उघडे पडले. 3 चा बोर (आतलं भोक) मोठा झाला. 2 सेटिंगला, म्हणजे मशिन जुळवताना, वाया गेली. तयार पॅकेजमध्ये बहुधा ‘रिजेक्शन 14’ एवढाच रकाना असतो. पण ते 9 फाउंड्रीच्या माथी आहेत, आणि तिथपर्यंतच्या मशिनिंगची मजुरी मिळणार की नाही हे तुमच्या ठरावावर आहे. 3 तुमच्या माथी. त्यांच्या कास्टिंगची किंमत डेबिट नोट (तुमच्या बिलातून कापायची रक्कम) होऊन येणार. सेटिंगचे नग किती चालतील, हे ऑर्डरवर लिहून घेतलेलं बरं. हे तीन आकडे एकत्र झाले, की महिनाअखेरच्या डेबिट नोटेवर भांडायला हातात काही राहत नाही.

दुसरी भानगड चलनांच्या जुळवणीची. माल तीन चलनांवर येतो आणि एकत्र परत जातो. कोणत्या चलनातले किती नग शिल्लक, हे फाउंड्री विचारणारच, कारण जॉबवर्कला (बाहेर कामाला) पाठवलेल्या मालाचा जीएसटी फॉर्म, आयटीसी-04, तिला भरायचा असतो: उलाढाल 5 कोटींच्या वर असेल तर सहामाही, नाहीतर वार्षिक. शिवाय जॉबवर्कचा माल एका वर्षात परत गेला नाही, तर तो पाठवला त्या दिवशीच विकला असं धरून तिच्यावर कर बसतो. म्हणून परत जाणारे नग आधी सर्वांत जुन्या चलनातून वजा व्हायला हवेत आणि नऊ महिन्यांवरची शिल्लक ठळक दिसायला हवी.

एवढंच करून घे: आलेली चलनं, गेलेली चलनं, कारणासकट रिजेक्शन. त्याआधी तीन महिने हेच एक्सेलमध्ये चालव. तिथे कोणते रकाने रिकामे राहतात ते बघ. ते सॉफ्टवेअरमध्येही रिकामेच राहतील. नोंद शिफ्ट संपताना सुपरवायझरने करायची, दुसऱ्या दिवशी आठवून नाही. ‘पंप बॉडी’, ‘पंपबॉडी 80’, ‘पी. बॉडी’ हे तीन वेगळे माल झाले, की कुठलंच सॉफ्टवेअर शिल्लक बरोबर दाखवणार नाही. म्हणून आधी प्रत्येक पार्टला एक कोड दे, त्यात ड्रॉइंगचा रिव्हिजन नंबर घाल, आणि नवा कोड उघडायचा अधिकार एकाच माणसाकडे ठेव. चुकलेली नोंद खोडायची नाही, उलटी नोंद घालायची.

बिलाचा नंबर फक्त टॅलीतच पडू दे. तो 16 अक्षरांच्या आत आणि ओळीने लागतो. दोन ठिकाणी नंबर पडायला लागले की कधीतरी एक दोनदा येतो. चलनांच्या प्रोग्रॅममधून नग आणि दर टॅलीकडे जातील, उलट काही येणार नाही. दोन्हीकडून जोडणी करू म्हणणाऱ्याला विचार, फरक आला तर खरं कोणाचं धरायचं?

मित्राशी करार मात्र लिहूनच कर, मैत्री असली तरी. पगारी नोकर नसलेल्याने लिहिलेल्या कोडचा कॉपीराइट, लेखी हस्तांतर नसेल तर त्याचाच राहतो. हस्तांतरात मुदत लिहिली नाही तर 1957 च्या कायद्याने ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. दोन्ही स्पष्ट लिहा. सर्व्हर आणि डोमेन फर्मच्या ईमेलवर, सोर्स कोड फर्मच्या खात्यात. पाच लाख सांगितले असतील तर दरवर्षी देखभालीचे 15 ते 20 टक्के धरून पाच वर्षांची बेरीज कर आणि मग महाग-स्वस्त ठरव. बॅकअप महिन्यातून एकदा दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघायचा. न उघडलेल्या बॅकअपवर माझा विश्वास नाही.

ईआरपी सात मशिनला आत्ता नको. पुढे लागलंच तर मुंबईत तयार झालेलं ईआरपीनेक्स्ट मुक्तस्रोत आहे, पण फुकट फक्त लायसन्स. बसवणं, सर्व्हर आणि सांभाळणारा माणूस यांचे पैसे लागतातच. कुठलाही विक्रेता आला, तर त्याच्या डेमोतला डेटा बघू नकोस. तुझी दहा खरी चलनं त्याच्यासमोर ठेव, त्यात एक नग कमी आलेलं आणि एक दोन पार्ट असलेलं असू दे. शेवटी सगळा डेटा एक्सेलमध्ये बाहेर काढून दाखवायला सांग. पीडीएफ दाखवली तर चहा पाजून वाटेला लाव.

सुरुवात 1 एप्रिलला कर. आदल्या दिवशी प्रत्येक फाउंड्रीबरोबर नग मोजून शिल्लक लिही आणि त्यांची सही घे. मशिनवर चढलेले आणि इन्स्पेक्शन टेबलावरचे नग वेगळे लिही, फरक बहुतेक तिथेच निघतो.

— काका