डायलिसिस चालू आहे आणि रात्री झोपच येत नाही, टेन्शनच कारण आहे का?

"मॅडम, ह्यांला तेवढी झोपेची गोळी द्या" म्हणत किडनी पेशंटच्या घरचे नेहमी येतात. गोळी देणं माझं काम नाही, मी समुपदेशक, पण झोप कशी जातेय हे विचारत बसलं की बऱ्याचदा वेगळंच काहीतरी निघतं. ओळख कळू नये म्हणून थोडं बदलून एक केस सांगते.

औसा तालुक्यातले एक काका, शुगरमुळं किडन्या गेलेल्या, आठवड्यातून तीनदा लातूरला डायलिसिस. काकू म्हणाल्या, "रात्रभर टक्क जागे असतेत, टेन्शन घेऊलालेत, तुम्ही समजावून सांगा." त्यावर काका चिडलेच. "टेन्शन तर हायेच की ओ, पण टेन्शननं पाय असे ओढतेत का? पडलं की पोटऱ्यात मुंग्या चालल्यावानी होतंय, उठून अंगणात फिरलं की बरं, परत पडलं की परत तेच." काकू पाय चेपून चेपून दमलेल्या, रुमाल आवळून बांधून पण बघितला होता. शिवाय पाठीला खाज, इतकी की काका खाटंच्या माच्याला पाठ घासायचे.

आता बघा, किडनी म्हणजे फक्त लघवीचं गाळप असं आपल्याला वाटतं, पण रक्त वाढवणारं एरिथ्रोपोएटिन हार्मोन मुख्यतः तिथंच बनतं. ते कमी पडलं की हिमोग्लोबिन उतरतं, दिवसभर गळाठा येतो, माणूस दुपारी लोळतो आणि रात्री जागा. लोह कमी असेल तर पायाची ती तळमळ पण वाढते, तिला रेस्टलेस लेग्ज म्हणतात, डायलिसिसवाल्यांत लई दिसते. दुसरं मेलाटोनिन, अंधार पडला की मेंदूत वाढणारं झोपेचं हार्मोन, किडनीच्या बऱ्याच पेशंटमध्ये ते रात्री पाहिजे तेवढं वाढतच नाही. बीपीच्या काही बीटा ब्लॉकर गोळ्या पण ते कमी करतात (म्हणून स्वतःच्या मनानं गोळी बंद करायची नाही!). आणि गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी, फॉस्फरस साठला की त्यांचं हार्मोन चढतं, ह्या दोन्हीचा खाजेशी संबंध असतो.

मी हे सगळं एका कागदावर लिहून त्यांच्या किडनीच्या डॉक्टरांकडं पाठवलं. तपासणीत फेरिटिन (म्हणजे अंगातला लोहाचा साठा) कमी, फॉस्फरस आणि पीटीएच (तेच पॅराथायरॉइडचं हार्मोन) दोन्ही चढलेले. लोहाची इंजेक्शनं डायलिसिस चालू असतानाच दिली. जेवणातला फॉस्फरस अडवणारी गोळी जेवणासोबतच घ्यायची असते, काका ती झोपताना घ्यायचे, म्हणजे फुकटच की! वर जेवताना फॉस्फरसनं भरलेली शेंगदाण्याची चटणी वाटीभर.

माझ्या वाट्याला राहिलं ते साधंच होतं: मशीनवर चार तास घोरायचं नाही, सोबतच्या पेशंटशी गप्पा मारा, घरी आल्यावर दुपारी अर्धा तासच पडा, सकाळी उन्हात बसा, संध्याकाळनंतर चहा बंद. चहावरून लई भांडण झालं, शेवटी पाचच्या आत अर्धा कप ठरला.

महिन्या-दीड महिन्यात पायाची तळमळ बरीच उतरली, सलग चार-पाच तास झोप लागायला लागली. खाज अजून आहे, तिला वेळ लागतो. काकूंनी परवा फोनवर विचारलं, मेडिकलमधून मेलाटोनिन आणू का, मी म्हटलं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, आणि दुकानातली साधी झोपेची किंवा सर्दीची गोळी तर बिलकुल नाही, त्यातल्या काहींनी पाय उलट जास्त ओढतात. काका मोठ्यानं घोरतात आणि मधेच श्वास अडकतो असं काकू बोलता बोलता बोलून गेल्या, म्हणून आता स्लीप टेस्टचं बघायला सांगितलंय.