जागा सोडू नकोस

शिवाजी उद्यमनगर,
कोल्हापूर

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

काल संध्याकाळी तुझी आई गॅरेजवर आली. पाणीसुद्धा न पिता तिनं मोबाइल माझ्या हातात दिला आणि तुझा निरोप ऐकवला. साडेतीन मिनिटांचा. अर्धा वेळ तू रडत होतास आणि उरलेल्या वेळात फिरून फिरून एकच विचारत होतास, 'काका, माझ्या गाडीनं माणूस जखमी झालाय, शारजातून ओमानच्या बाजूनं निघून येऊ का?'

नाही. जागा सोडू नकोस. पुढचं वाचायला वेळ नसेल तर इथंच थांब आणि कामावर जा.

वाचतोयस, म्हणजे मन अजून डळमळतंय. ही अक्कल तुला कुणी दिली तेही आईकडून कळलं. तुझ्या मामाचे पाहुणे. त्या गृहस्थांनी शिरोली नाक्यापलीकडची पोलिस चौकी कधी पाहिली नसेल आणि ते शारजातून माणूस बाहेर काढायला निघालेत! तुझा पासपोर्ट पोलिसांनी हमी म्हणून ठेवून घेतलाय, याचा अर्थ तू अजून बाहेर आहेस, तुझ्यावर थोडा विश्वास टाकलाय. केसमध्ये प्रवासबंदी लागली की विमानतळ काय आणि रस्त्याची सीमा काय, बोट टेकवलं की नाव स्क्रीनवर येतं. मग अपघाताची एक केस आणि पळण्याची दुसरी. पहिलीत तू चुकलेला माणूस होतास, दुसरीत गुन्हेगार होशील.

आणि एक गोष्ट तू ओझरती बोलून गेलास, जणू तिला काही किंमतच नाही. तू गाडी थांबवलीस, ९९९ ला फोन केलास आणि पोलिस येईपर्यंत त्या माणसाशेजारी रस्त्यावर बसून राहिलास. अरे खुळ्या, तुझ्याकडची सगळ्यात मोठी पुंजी तीच आहे! तिथल्या कायद्यात, माणूस जखमी झाल्यावर जागा सोडून जाणं हा वेगळा गुन्हा आहे, त्याला कैद आहे. पहिल्या रात्री जागा सोडली नाहीस. आता तिसऱ्या आठवड्यात का सोडतोस?

आपल्याकडची सवय मला माहीत आहे, मीही त्याच रस्त्यावर गाडी शिकलो. हायवेला कागलजवळ ट्रकनं कुणाला उडवलं की ड्रायव्हर आधी उसात शिरतो, मग मालकाला फोन करतो आणि दुसऱ्या दिवशी वकिलाबरोबर ठाण्यात हजर होतो. त्यालाही सगळा दोष देता येत नाही. गर्दी मारते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कलम १३४ आहे. जखमीला दवाखान्यात न्यायची जबाबदारी ड्रायव्हरवरच टाकलीय, पण जमावाच्या रागापुढं ते शक्य नसेल तर सूटही दिलीय. कायदा लिहिणाऱ्यांनाही आपली गर्दी ठाऊक होती. जानेवारी २०२४ मध्ये ट्रकवाले संपावर गेले आणि पंपांवर रांगा लागल्या, ते याच भांडणातून. नव्या न्यायसंहितेत पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्याला १० वर्षांपर्यंत शिक्षा लिहिली होती. जुलैत संहिता लागू झाली, पण ते पोटकलम बाजूला ठेवूनच. तर उसात शिरायची रीत अशी हाडात मुरलेली. तुझ्याही हाडात आहे. फक्त शारजात ऊस नाही.

मी १९९४ मध्ये शारजातच पाण्याचा टँकर चालवायचो. दिवस मावळताना वळणावर एक सायकलवाला मागच्या चाकाजवळ आला. पाय. मी उतरलो, पाहिलं, लोक जमले, पोलिस आले. तिथवर सगळं तुझ्यासारखंच. चौथ्या दिवशी मालकानं पासपोर्ट आणि तिकीट हातात ठेवलं. म्हणाला, सुट्टीवर जा, मी बघतो. तेव्हा आत्तासारखं सगळं संगणकावर जोडलेलं नव्हतं. मी निघून आलो.

माझी आई सरकारी सीपीआर दवाखान्यात ॲडमिट होती, हे खरं आहे. तार आली होती, तीही मी जपून ठेवलीय. मालकानंच पाठवलं, माझ्या हातात काय होतं, हेही खरंच. तीस वर्षं ही दोन्ही कारणं मी सगळ्यांना सांगतो, आणि कुणी विचारलं नसतानाही सांगतो, हे तुझ्या काकूनं एकदा लक्षात आणून दिलं. त्या दिवसापासून तिच्यासमोर सांगत नाही. माझ्या गाडीवरचा क्लीनर आपल्याच जिल्ह्यातला, गडहिंग्लजचा पोरगा होता. मी तिथे नाही म्हटल्यावर त्याला धरलं. चार महिने तो चौकीत हेलपाटे घालत राहिला. परत आल्यावर मला भेटायला आला, चहा प्यायला, एक शब्द वाकडा बोलला नाही. पुन्हा मात्र कधी आला नाही.

म्हणून सांगतो, जागा सोडू नकोस. तू सोडलेली जागा रिकामी राहत नाही, तिथे कुणाला तरी उभं करतात.

आता कोल्हापुरात येऊन तरी सुटशील का? माझ्या वेळी सुटता आलं. संयुक्त अरब अमिरातीबरोबर आपले न्यायालयीन सहकार्याचे करार १९९९ मध्ये झाले. जानेवारी २०२० मध्ये तर केंद्र सरकारनं अधिसूचना काढली. तेव्हापासून तिथल्या ठरलेल्या दिवाणी कोर्टांचा पैशाचा हुकूमनामा आपल्या जिल्हा न्यायालयात आणून, तो इथलाच असल्यासारखा वसूल करता येतो. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ४४ अ. फौजदारी दंड त्यात येत नाही, पण जखमीची नुकसानभरपाई येते. म्हणजे तू नसताना तिथे एकतर्फी निकाल लागायचा आणि कागद येणार कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात, कळंब्यात कर्ज काढून घेतलेल्या तुझ्या फ्लॅटवर. एकतर्फी होता म्हणून इथं भांडता येईल, पण ते भांडण कुठवर नेशील? हायकोर्टाचं सर्किट बेंच गेल्या वर्षी, ऑगस्ट २०२५ मध्ये, सीपीआरसमोरच्या जुन्या कोर्टात सुरू झालं. आता मुंबईचा हेलपाटाही वाचेल. हसू येतंय का? मला नाही येत.

कामाचं बोलू. तू प्यायलेला नव्हतास आणि लायसन चालू आहे. विमा या दोन गोष्टींवर उभा असतो. त्या नसत्या तर विमा कंपनीनं जखमीला पैसे दिले असते आणि मग तुझ्याकडून वसूल केले असते. माणूस दगावला असता तर दियेची, म्हणजे त्याच्या वारसांना द्यायच्या भरपाईची, रक्कम कायद्यानं ठरलेली आहे, २ लाख दिरहम. तो जिवंत आहे, तेव्हा भरपाई डॉक्टरांच्या अहवालावर ठरेल आणि ती विम्यातून जाईल. कोर्ट तुला दंड करील तो मात्र तुझ्या खिशातला, त्यासाठी पगारातून आत्तापासून बाजूला टाक. गाडीच्या पॉलिसीची प्रत आणि पोलिसांचा अहवाल कंपनीकडून मागून घे. ट्रॅकरमध्ये त्या रात्रीचा वेग असेल, तोही पुसला जायच्या आत माग. तो माणूस रस्ता ओलांडायची जागा नसताना मध्ये आला म्हणतोस. असेल. तिथे त्यालाही दंड आहे आणि कोर्ट दोघांची चूक बघतं. पण तू त्या वेळी मोबाइलवर पत्ता शोधत होतास की नाही, हे मला सांगू नकोस, आईला तर मुळीच नको. वकिलाला सांग, आणि खरं सांग.

कोर्टाचं काम अरबीत चालतं. दुभाषा माग. तो तुझा हक्क आहे, उपकार नाहीत. कंपनीचा माणूस गोड बोलून एखादा अरबी कागद पुढं करील, 'फॉर्मॅलिटी आहे' म्हणेल. ब्रेक ठीक होते, चूक सगळी माझी, असंही त्यात असू शकतं. भाषांतर हातात आल्याशिवाय सही नाही. नोकरी गेली तरी नाही.

वकिलातीला अजून कळवलं नाहीस, का? तर म्हणे नाव खराब होईल! १९६३ च्या व्हिएन्ना करारात कलम ३६ आहे. परदेशात अटक झाली आणि तू मागणी केलीस, तर तिथल्या पोलिसांना आपल्या वकिलातीला कळवावंच लागतं. शारजा दुबईतल्या आपल्या वाणिज्य वकिलातीखाली येतं. परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार नोंदव, २०१५ पासून ते याच कामासाठी आहे. वकिलांची यादी मिळेल. खरोखर ऐपत नसेल तर वकिलातीच्या कल्याण निधीतून कायदेशीर मदतीचा अर्ज करता येतो. पण वकिलात म्हणजे आपल्या पेठेतला नगरसेवक नव्हे. ते न्यायाधीशाला फोन करणार नाहीत आणि तुझा दंडही भरणार नाहीत. तेवढी आशा ठेवू नकोस, म्हणजे नंतर शिव्या द्यायची वेळ येणार नाही.

आईची काळजी करू नकोस. फ्लॅटचा हप्ता या महिन्यात मी भरतो. मामाच्या पाहुण्यांना रविवारी बोलावलंय, त्यांचंही बघतो.

शेवटचं. तो माणूस दवाखान्यात आहे म्हणालास, मांडीचं हाड मोडलंय. जखमीनं तक्रार नाही असं लिहून दिलं तर तिथे त्याला तनाझुल म्हणतात आणि केसवर त्याचा परिणाम होतो. रूमवरची पोरं तुला तेच मागायला पाठवतील. तसा जाऊ नकोस. आधी वकिलाला विचार. तो हो म्हणाला तर नुसता बघायला जा, हात हलवत जाऊ नकोस, चार फळं ने. आणि त्याचं नाव काय, तो कुठल्या गावचा, घरी कोण कोण आहे, हे विचारून मला कळव. माझ्या सायकलवाल्याचं नाव मला अजून माहीत नाही. त्याचा पाय राहिला की गेला, तेही नाही.

तुझा,
काका